वांगं सुटतं, ऑक्टोबर सुटत नाही

अंगावर गांधी उठल्या की घरात पहिला प्रश्न येतो, ‘काल काय खाल्लं होतंस?’ वांगं होतं का, अंडं होतं का, की आंबट दही? अंगाला आमसुलाचं पाणी लावलं जातं, एखादी गोळी पोटात जाते, थोड्या वेळाने पित्त बसतं आणि वांग्यावरचा आरोप सिद्ध झाला असं सगळे धरून चालतात. एखाद्या वेळी उठलेल्या पित्तासाठी ही चौकशी ठीक आहे. पण गांधी वरचेवर येत राहिल्या आणि ६ आठवडे उलटूनही थांबल्या नाहीत, की डॉक्टर त्या दुखण्याला जुनाट म्हणतात. आणि जुनाट पित्तात अन्न हे कारण क्वचितच निघतं. तरी ताटातून एकेक पदार्थ उठत जातो. शेवटी वरणभात आणि दुधी एवढंच उरतं. गांधी येतच राहतात.

वांगं सोडता येतं म्हणून ते दोषी ठरतं, असं मला वाटतं. ऑक्टोबर सोडता येत नाही. भाद्रपदातली दमट हवा, पौषातला बोचरा वारा यांच्यावर आपली मात्रा चालत नाही. म्हणून त्यांना सहसा कुणी जाबही विचारत नाही.

जुन्या वैद्यांनी विचारला होता. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात शीतपित्ताच्या, म्हणजे याच गांधींच्या, कारणांत थंड वारा येतो, गांधीलमाशी डसल्यासारखी सूज असं वर्णन येतं, आणि त्याचाच भाऊबंद असलेला उदर्द शिशिरातला म्हणून वेगळा सांगितला जातो. वात-पित्त-कफाची ती मांडणी आजच्या त्वचाविज्ञानाशी जुळवण्याचा अट्टहास नको. निरीक्षण मात्र पक्कं होतं.

आजचं शास्त्र सांगतं की त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि गांध उठते. एकेक गांध सहसा २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते. काहींच्या मास्ट पेशी नुसत्या गारव्यानेच बिथरतात. त्यांच्या हातावर डॉक्टर बर्फाचा तुकडा काही मिनिटं धरतात. तो काढल्यावर त्वचा पुन्हा कोमट होत असताना तिथे गांध उभी राहते. अशा माणसाने थंड विहिरीत किंवा नदीत उडी मारणं हा खेळ नाही. सगळं अंग एकदम गारठलं तर रक्तदाब कोसळू शकतो, शुद्ध हरपू शकते. आणि कारण कोणतंही असो, जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडकला, तर आमसुलात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा.

काहींचं नेमकं उलटं. अंग तापलं, घाम सुटायला लागला, की टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक गांधी टोचू लागतात. भरभर चालणं, कढत पाण्याची आंघोळ, चढलेला राग, यातलं काहीही पुरतं. झणझणीत रस्साही पुरतो, आणि तिथे पुन्हा बिचाऱ्या स्वयंपाकावर आळ येतो. मिरचीचं वावडं नसतं. मिरचीने अंगात आलेली ऊब नडते. उन्हाने उठणाऱ्या गांधी त्यामानाने विरळा. परकराची नाडी आवळते तिथे किंवा पिशवीचा पट्टा रुततो तिथे उठणाऱ्या मात्र बऱ्याच जणींच्या परिचयाच्या असतील.

पण जुनाट पित्ताच्या बहुतेक रोग्यांना यातलं एकही खरं कारण लागू पडत नाही. त्यांच्या गांधी आपल्या आपण उठतात. अनेकांत तर शरीराची संरक्षक यंत्रणाच मास्ट पेशींना डिवचत असते. अशांचा त्रास ऋतू वाढवतो, सुरू करत नाही. उकाड्यात घाम आणि घट्ट कपडे. ऋतू पालटताना सर्दी-ताप, आणि अंग दुखतं म्हणून घेतलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी. या गोळ्यांनी अनेकांच्या गांधी उसळतात, पण गोळीकडे लक्ष जात नाही, कारण ती औषध म्हणून घरात आलेली असते! मग खापर हवेवर फुटतं. म्हणजे वांग्याला सोडून ऑक्टोबरला धरलं तरी चूक तीच.

या गांधींच्या दुखण्याला डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात, आणि जागतिक अर्टिकेरिया दिन १ ऑक्टोबरला, आपल्याकडे ऊन चढू लागतं त्याच सुमारास असतो. त्या निमित्ताने एक वही ठेवावी. त्वचारोगतज्ज्ञांसमोर बसेपर्यंत अंग बहुधा स्वच्छ झालेलं असतं, तेव्हा गांध दिसताच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वहीत काल काय खाल्लं याच्या आधी लिहावं: गारठलो होतो की घामाघूम, ऊन किती वेळ लागलं, कपडा कुठे रुतला होता, ताप होता का, आणि गोळी कोणती घेतली होती.