उत्तर आणि उपपत्ती

ज्या विद्येचा आपल्या पुढील व्यवसायाशी काडीचाही संबंध येणार नाही, ती शिकण्याची सक्ती एखाद्या प्रौढ विद्यार्थ्यावर करणे न्याय्य आहे काय? प्रश्न जुना आहे. परंतु अलीकडे तो एका नव्या वेषात पुढे आला असून, या वेषांतरामुळे त्याचे एरवी झाकलेले नैतिक अंग अगदी उघडे पडले आहे. यास्तव त्याचा थोड्या विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालयांत असा नियम आहे की, विद्यार्थ्याचा मुख्य विषय इतिहास असो, संगीत असो की परिचर्याशास्त्र असो, गणिताचा निदान एक अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून त्याला पदवी मिळू नये. ज्यांना कलनशास्त्राची वाट चालावयाची नाही अशांसाठी मग निराळे वर्ग काढले जातात. त्यांस कोठे ‘लिबरल आर्ट्स मॅथेमॅटिक्स’ म्हणतात, तर कोठे ‘क्वांटिटेटिव्ह रीझनिंग’. चक्रवाढ व्याज, संभाव्यता, सांख्यिकी, मतमोजणीच्या पद्धती, विधिमंडळातील जागांची वाटणी, आलेखशास्त्र अशी प्रकरणे त्यांत असतात. 1988 साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘फॉर ऑल प्रॅक्टिकल पर्पझेस’ हे पाठ्यपुस्तक या वळणाचा एक प्रसिद्ध नमुना होय. आता हे वर्ग ठिकठिकाणी ऑनलाइन, म्हणजे घरबसल्या, पुरे करता येतात. आम्ही व्यवसायाने साहित्याचे अध्यापक. गणिताशी आमची सोयरीक शाळेबरोबरच सुटलेली. तथापि केवळ कुतूहलापोटी असा एक वर्ग आम्ही गेल्या वर्षी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरा केला. पुढील विवेचनाला त्या अनुभवाचा आधार आहे.

या वर्गाची रीत थोडक्यात सांगतो. दर आठवड्यास एक प्रकरण. प्रथम अध्यापकाचे चित्रमुद्रित व्याख्यान. ते हवे तेथे थांबवावे, हवे तितक्या वेळा ऐकावे. मग उदाहरणे. उदाहरण सर्वांना तेच, आकडे मात्र प्रत्येकाला निराळे. आपण उत्तर लिहावे, आणि यंत्राने तत्क्षणी हिरवी खूण तरी करावी किंवा तांबडी तरी. तांबडी आल्यास पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा असते. या रीतीचे काही गुण मान्य केलेच पाहिजेत. ज्याला शाळेत फळ्यापुढे उभे राहून चार मुलांदेखत हसे करून घ्यावे लागले, त्याला येथे कोणी हसत नाही. ज्याची बुद्धी सावकाश चालते त्याला सावकाश चालण्याची मोकळीक असते. दिवसभर नोकरी करून रात्री दहाला अभ्यासास बसणाऱ्या गृहिणीला तर याखेरीज दुसरे दारच उघडे नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही सक्ती कशासाठी? या वर्गांचे पुरस्कर्ते सामान्यतः उपयुक्ततेचा मुद्दा पुढे करतात, आणि तो पोकळ नाही. एक उदाहरण घेऊ. एखादा रोग हजारांत एकाला होतो. त्याची चाचणी खऱ्या रोग्याला कधी चुकत नाही असे धरू. मात्र निरोगी माणसांपैकी शंभरांत पाचांना ती चुकून रोगी ठरविते. एखाद्याच्या चाचणीत रोग निघाला, तर तो त्याला खरोखर असण्याचा संभव किती? अशाच स्वरूपाचा प्रश्न हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेशी संलग्न असलेल्या रुग्णालयांत साठ जणांना विचारण्यात आला होता, आणि त्याचा वृत्तांत 1978 साली प्रसिद्ध झाला. या साठांत विद्यार्थी होते तसेच मुरलेले डॉक्टरही होते. बरोबर उत्तर अवघ्या 11 जणांनी दिले, आणि सर्वांत अधिक पसंती मिळाली ती 95 टक्के या उत्तराला! वस्तुतः हिशेब सोपा आहे. हजार माणसे तपासली तर खरा रोगी एक, आणि उरलेल्या 999 निरोगी माणसांपैकी चुकून रोगी ठरलेले सुमारे 50. म्हणजे चाचणीने रोगी ठरविलेल्या 51 जणांत खरा रोगी एकच. शंभरांत फार तर दोन.

नागरिकाच्या दृष्टीनेही असेच दाखविता येईल. 1880 च्या अमेरिकन जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहाच्या जागांची वाटणी करताना असे आढळून आले की, एकूण जागा 299 ठेवल्या तर अलाबामा संस्थानाला 8 मिळतात, आणि एकूण जागा एकाने वाढवून 300 केल्या तर त्याच अलाबामाला 7 च मिळतात! कोणी लबाडी केली नव्हती. वाटणीच्या रीतीतच तो विपर्यास दडलेला होता. लोकशाहीत राहणाऱ्याने असल्या गोष्टी जाणाव्यात हे उचितच आहे.

परंतु केवळ उपयुक्ततेवर ही सक्ती उभी करता येईल असे आम्हांस वाटत नाही. कारण त्यावर विद्यार्थ्याचे प्रत्युत्तर तयार असते: “उपयोग उत्तराचा आहे ना? मग ते उत्तर यंत्र देते!” आणि ते खरेच आहे. 2009 पासून वुल्फ्रॅम अल्फा नावाचे साधन वाटेल ते समीकरण सोडवून देत आले आहे. 2014 साली आलेल्या फोटोमॅथमुळे छापील उदाहरणावर नुसता मोबाइल धरला की पायऱ्यांसह रीत हजर होऊ लागली. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी अवतरल्यापासून तर शाब्दिक उदाहरणेही साध्या भाषेत विचारावीत आणि साध्या भाषेत समजावून घ्यावीत, अशी सोय झाली. उपयुक्ततेच्याच तराजूत तोलावयाचे, तर विद्यार्थ्याचे पारडे खाली जाते हे कबूल केले पाहिजे.

मग या वर्गात असे काय आहे, जे यंत्राकडून मिळणार नाही? आमच्या मते याचे उत्तर त्याच वर्गातील एका जुन्या कोड्यात सापडते. क्योनिग्सबर्ग शहरात प्रेगेल नदीच्या प्रवाहांमुळे जमिनीचे चार भाग पडले होते आणि त्यांना जोडणारे सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पुलांवरून फिरून येता येईल काय? 1735 साली ऑयलरने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे याचे उत्तर मांडले: येणार नाही. एवढे उत्तर यंत्रही देईल. पण उत्तराचे कारण पाहा. फिरताना मधल्या कोणत्याही भागात आपण एका पुलाने शिरतो आणि दुसऱ्याने बाहेर पडतो. म्हणजे तेथील पुलांच्या जोड्या लागल्या पाहिजेत, त्यांची संख्या सम पाहिजे. विषम संख्या चालेल ती फार तर दोन भागांत, जेथून निघालो तेथे आणि जेथे थांबलो तेथे. क्योनिग्सबर्गात एका भागाला पाच पूल लागत होते आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी तीन. चारही विषम! तेव्हा अशी फेरी अशक्य.

ही चार वाक्ये ज्याने लक्षपूर्वक वाचली असतील, त्याच्या मनात आता काय घडले आहे? त्याने ऑयलरवर विश्वास ठेवलेला नाही, आमच्यावरही नाही. त्याने स्वतः पाहिले आहे. उद्या साऱ्या विद्वत्सभेने ठराव करून सांगितले की अशी फेरी शक्य आहे, तरी तो मान डोलावणार नाही. इतिहासाच्या, वैद्यकाच्या, फार काय आमच्या साहित्याच्या क्षेत्रातही नवशिक्याला बऱ्याच गोष्टी जाणत्यांच्या भरवशावर घ्याव्या लागतात. गणितात मात्र पहिल्या दिवसाचा विद्यार्थीही, तेवढ्या एका सिद्धांतापुरता, आचार्याच्या बरोबरीने बसतो. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटीस ज्याला भूमिती शिकवितो तो कोणी राजपुत्र नसून एक गुलाम मुलगा आहे. दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढावयाचा असता तो मुलगा प्रथम बाजू दुप्पट करतो, आणि क्षेत्रफळ चौपट झाल्याचे पाहून गोंधळतो. ‘कर्णावर चौरस काढ’ असे एका वाक्यात सांगून सॉक्रेटीसला मोकळे होता आले असते. त्याने तसे केले नाही. प्रश्न विचारीत विचारीत त्याने त्या मुलाला कर्णापर्यंत आणले. कारण तेथे महत्त्व चौरसाला नव्हते, मुलाला तो दिसण्याला होते.

आपल्या शास्त्रकारांनाही हा भेद चांगला ठाऊक होता. आपल्याकडे या ‘का’ला उपपत्ती असे नाव आहे. भास्कराचार्य ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात अशा आशयाचे सांगतात की, उपपत्तीवाचून गणकाला विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही आणि तो स्वतःही निःसंशय होत नाही. या दोहोंतील दुसरे वाक्य आम्हांस अधिक मोलाचे वाटते. सभेतील प्रतिष्ठा उसनी आणता येते. निःसंशयता उसनी आणता येत नाही.

येथे आमचा मुख्य मुद्दा येतो. पुलाच्या तुळईचा हिशेब ज्या अभियंत्याला करावयाचा आहे त्याने तो दुसऱ्याकडून करवून घेतला, तरी पूल उभा राहतो. तेथे उत्तराला स्वतंत्र किंमत आहे. परंतु क्योनिग्सबर्गचे उत्तर इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थिनीने लिहून दिल्याने जगाच्या ज्ञानात कोणती भर पडते? ते तर जगाला पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ते तिला पटावे, एवढीच काय ती त्याची किंमत. म्हणून, वरवर पाहता चमत्कारिक वाटले तरी, ज्याला गणिताची गरज नाही त्याने नक्कल करणे हेच सर्वांत निरर्थक होय. व्यावसायिकाच्या नकलेत काहीतरी शिल्लक उरते. याच्या नकलेत काहीच उरत नाही. शिवाय उत्तराखाली आपले नाव घालणे म्हणजे ‘हे मला कळले आहे’ असे विधान करणे होय. ते खोटे असेल तर फसवणूक प्रथम आपली होते, महाविद्यालयाची मागाहून.

आणि कधी कधी तिसऱ्याच कोणाची तरी होते. परिचर्याशास्त्राची जी विद्यार्थिनी ते चाचणीचे प्रकरण नक्कल करून उत्तीर्ण होते, तिच्यासमोर पुढे एखादा भेदरलेला रुग्ण हातात कागद घेऊन उभा राहील आणि विचारील, “ताई, म्हणजे मला झालेच आहे का?” त्या वेळी यंत्राची हिरवी खूण तिच्या कामी येणार नाही. गंमत अशी की, ‘माझ्या व्यवसायाशी याचा संबंध नाही’ हे वाक्य वर्षापूर्वी तिनेच उच्चारलेले असेल.

परंतु साराच दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे हा अन्याय होईल. दिवसा नोकरी, रात्री मुले, डोक्यावर शुल्काचे कर्ज, आणि पदवीच्या वाटेवर जकातनाक्यासारखा उभा असलेला हा एक अभ्यासक्रम, अशा स्थितीतील माणसाने नाका चुकविण्याची आडवाट धरली तर त्याला सरसकट अधम ठरविण्यास आमची जीभ रेटत नाही. पैसे घ्यावेत आणि दुसऱ्याच्या नावाने सबंध वर्ग पार पाडून द्यावा, हा धंदाही आता राजरोस जाहिराती करून चालतो. तो निंद्य आहेच. पण तो चालतो याचे एक कारण असे की, संस्थेनेही विद्यार्थ्याकडे केवळ उत्तर मागितले. जे यंत्र शेवटची ओळ तेवढी तपासते, ते न बोलता हेच शिकविते की आधीच्या ओळींना किंमत नाही. मग विद्यार्थ्याने त्या ओळी गाळल्या तर धडा त्याने अचूक गिरविला असेच म्हणावे लागेल!

यावर संस्थांनी काढलेला उपाय पाहरेकऱ्याचा आहे. परीक्षेच्या वेळी कॅमेरा विद्यार्थ्याच्या तोंडावर रोखलेला, आणि नजर इकडेतिकडे वळली की त्याची नोंद. प्रामाणिकांवर अन्याय होऊ नये म्हणून काही बंदोबस्त हवा, हे आम्हांस मान्य आहे. तथापि पाहरा नक्कल थांबवील. समज उत्पन्न करणार नाही. कुलुपामागे ठेवलेल्या मनुष्याच्या सचोटीबद्दल आपल्याला काहीच कळत नाही, आणि त्यालाही कळत नाही. वास्तविक घरी एकट्याने बसून करावयाच्या अभ्यासाचे मोठे भाग्य हेच की, पाहणारा कोणी नसताना आपण कसे वागतो याची ओळख तेथे होते.

तेव्हा करावे काय? आम्हांस असे वाटते की, या वर्गांतील प्रकरणे निम्मी करावीत, आणि उरलेल्यांपैकी कोणतेही एक विद्यार्थ्याने अध्यापकासमोर दहा मिनिटे स्वतःच्या शब्दांत समजावून द्यावे. अंतर कितीही असो, संगणकावर समोरासमोर बोलण्याची सोय आज आहेच. साठ विद्यार्थी असतील तर सबंध सत्रात अध्यापकाचे दहा तास लागतील. हे दहा तास फार होतात असे ज्या संस्थेला वाटते, तिने विद्यार्थ्यांच्या सचोटीबद्दल तक्रार करू नये.

आपल्याकडेही ही वेळ दूर नाही. किंबहुना ती आलीच आहे. 2017 साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ सुरू झाले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने आपल्या शाखेबाहेरचे विषय घेण्यास उत्तेजन दिले. 2021 च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पुरे करण्याची परवानगी विद्यापीठांस देता येते. मराठी घरांतील मुलेमुली असे वर्ग आज येथेही घेत आहेत आणि अमेरिकेतही घेत आहेत. त्यांच्या आईबापांनी “किती गुण मिळाले?” या प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न विचारावा अशी आमची सूचना आहे: “त्यातले एखादे आम्हांला समजावून सांगशील का?” स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे राहून ते सात पूल मुलाला खडूने काढून दाखविता आले, तर त्या सक्तीचे सार्थक झाले असे खुशाल समजावे. न आले, तर रागावण्याचे कारण नाही. दोघांनी मिळून ते पुन्हा एकदा काढून पाहावेत.