माणसे भोवतालून का पांगतात?



दिव्य कुरआनच्या सूरह आलि इमरानमधील 159 वी आयत आपण पुष्कळदा ऐकतो. पण ती कोणत्या प्रसंगानंतर अवतरली, याकडे क्वचितच लक्ष देतो. हिजरी सन 3 मध्ये उहुदच्या डोंगरापाशी युद्ध झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 50 तिरंदाजांना एका टेकडीवर नेमले होते आणि जय होवो वा पराजय, जागा सोडायची नाही, अशी स्पष्ट आज्ञा दिली होती. विजय दिसू लागताच त्यांपैकी बहुतेक जण खाली उतरले आणि युद्धाचे पारडे फिरले. त्या दिवशी सुमारे 70 सहाबा शहीद झाले. प्रेषितांचे चुलते हजरत हमजा (रजि.) त्यांत होते. स्वतः प्रेषितांचा चेहरा रक्ताने माखला.

ज्यांनी आज्ञा मोडली, ती माणसे समोरच होती. त्यांच्याशी प्रेषित मृदुतेने वागले ही आपलीच कृपा असल्याचे अल्लाहने सांगितले; ते कठोर मनाचे असते तर हे लोक त्यांच्या भोवतालून पांगले असते. पुढे तीन आज्ञा आल्या : त्यांना माफ करणे, त्यांच्यासाठी क्षमायाचना करणे आणि कामकाजात त्यांचा सल्ला घेणे.

या तिसऱ्या आज्ञेपाशी जरा थांबा. मदीनेबाहेर पडून लढण्याचा निर्णयसुद्धा सल्लामसलतीतून, मुख्यतः तरुणांच्या आग्रहाने झाला होता. तरीही त्यांना विचारणे बंद करा, असे सांगितले गेले नाही. आपल्या घरात मात्र मुलाला एकदा धंद्यात खोट आली, सुनेच्या हातून एखादा व्यवहार बिघडला, की पुढे वर्षानुवर्षे त्यांना कोणी काही विचारत नाही!

पांगणे म्हणजे घर सोडून जाणेच नव्हे. अब्बांची चाहूल लागताच उठून आतल्या खोलीत जाणारी मुलेही पांगलेलीच असतात. रोज फजरला ओरडून उठविलेला मुलगा नमाज अदा करतो खरा, पण त्याच्या मनात नमाज आणि तो ओरडा एकत्र जोडले जातात. शिक्षणासाठी परगावी गेला की सर्वप्रथम सुटते ती फजरच.

मग शिस्त सोडायची काय, असे कोणी विचारील. नियम अल्लाहचे आहेत. ते सैल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. आवाज, चेहरा आणि हात मात्र आपले आहेत, आणि त्यांचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.

हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षे प्रेषितांची सेवा केली. त्या काळात प्रेषित त्यांना कधी 'उफ्'देखील म्हणाले नाहीत, असे ते सांगत. एकदा प्रेषितांनी त्यांना कामासाठी पाठविले. वाटेत बाजारात मुले खेळत होती. अनस तेथेच रेंगाळले. इतक्यात मागून कोणीतरी त्यांची मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.), आणि ते हसत होते. काम माफ झाले नव्हते. लाडाने 'उनैस' अशी हाक मारून त्यांनी एवढेच विचारले, की सांगितले होते तेथे गेलास का? अनस म्हणाले, हो, निघालोच.