तीस सेकंदांतले नाव

एसटीच्या गाडीत एकेकाळी एक धून वाजली की सहा जणांचे हात एकदम खिशाकडे जात. नोकियाची ती धून तेरा स्वरांची. फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाने १९०२ साली ‘ग्रान वाल्स’ नावाची रचना केली, तिच्यातला तो तुकडा. तारेगा १९०९ मध्ये वारला आणि १९९४ मध्ये त्याचे तेरा स्वर नोकियाच्या २११० या फोनमधून वाजू लागले. तोवर रचनेच्या कॉपीराइटची मुदत सरून गेली होती, त्यामुळे कोणाला काही देणे लागत नव्हते. गंमत अशी, की फुकट मिळालेल्या या धुनेची पुढे कंपनीने स्वतःचा ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करून घेतली. खिशाकडे हात नेणाऱ्या त्या सहा जणांना नोकिया पाठ होते. तारेगा हे नाव त्यांच्यापैकी एकाच्याही कानावरून गेले नसावे.

फुकटच्या रिंगटोनमागची नैतिक अडचण या नावापाशी आहे. पैशांचा हिशेब कायदा आपल्या परीने करतो, पण नाव गळून पडले तर त्याची तक्रार करायला बहुधा कोणीच उरलेले नसते.

नोकिया ३३१० हातात असलेल्या पिढीने रिंगटोन अक्षरशः हाताने घडवली. त्या फोनमध्ये ‘कंपोझर’ असे. एक ते सात या कळा म्हणजे सप्तकातले सात स्वर, आठ दाबले की स्वर आखूड, नऊ दाबले की लांब, शून्य म्हणजे विराम. पेटीवर बोटे फिरलेल्या माणसाला ही भानगड लगेच उमगे. बाकीचे कोणाकडून तरी कळांचे आकडे वहीत उतरवून घेत आणि एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. पीं-पीं आवाजात गाणे कसेबसे ओळखू येई, पण ते कोणाचे आहे हे बसवणाऱ्याला नक्की माहीत असे; कारण ते त्याने वीसदा ऐकलेले असे.

त्याच्या जरा आधी फिनलंडमध्ये वेसा-मात्ती पानानेन या तरुण प्रोग्रामरने ‘हार्मोनियम’ नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. धून तयार करायची आणि एसएमएसने दुसऱ्याच्या फोनवर धाडायची, अशी ती सोय. त्याने ते सगळ्यांसाठी खुले ठेवले. मग रेडिओलिन्या या फिनिश कंपनीने १९९८ मध्ये रिंगटोन विकायला सुरुवात केली आणि पाहता पाहता जगभर त्याची बाजारपेठ उभी राहिली. आपल्याकडे वर्तमानपत्रांत गाण्यांच्या याद्या आणि त्यांच्यापुढे एसएमएसचे कोड छापून येत. ‘फ्री’ म्हणून लागलेली कॉलर ट्यून पुढच्या महिन्यात गुपचूप पैसे खाऊ लागे. तक्रारी इतक्या साचल्या, की अशा सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्या, असे दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायला कंपन्यांना बजावावे लागले.

आता धून दोन बोटांनी कापता येते. शोधले की एमपी थ्री मिळते, पण तिच्या नावात कवी नसतो, संगीतकार नसतो, कित्येकदा गायकही नसतो. असतो तो फक्त धून चढवणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ता, तोही ठळक. ज्याने काही केले नाही त्याचेच तेवढे नाव टिकते!

आणि एका गाण्याचे धनी तरी किती असतात? ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चालले, छप्पन्न गीते. भारतीय कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे. त्याचे कवी गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत राखीव. संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. एखादी जुनी तबकडी मुदतीबाहेर गेली, तरी तिच्यातली चाल आणि शब्द मोकळे झाले असे होत नाही. तुकोबांचे अभंग तर साऱ्या महाराष्ट्राचे, त्यांवर कोण हक्क सांगणार? पण लता मंगेशकरांच्या आवाजात जे ऐकू येतात त्यांना श्रीनिवास खळे यांची चाल आहे, आणि खळे २०११ पर्यंत आपल्यात होते. ‘अभंग काय, देवाचाच आहे’ म्हणत कात्री चालवणारा माणूस तुकोबांची आठवण ठेवतो आणि खळ्यांना विसरतो.

कायदा मात्र सामान्य माणसाच्या मागे हात धुऊन लागलेला नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापरासाठी वाजवी मोकळीक देते. विकत घेतलेल्या गाण्याचा तुकडा कोणी स्वतःच्या फोनला लावला, तर त्याला आरोपी म्हणण्यात अर्थ नाही. तोच तुकडा संकेतस्थळावर चढवून जाहिरातींचे पैसे खाणारा वेगळा. अमेरिकेत ॲस्कॅप या संगीतकारांच्या संघटनेने तर असा दावा केला होता, की चारचौघांत फोन वाजला की तो जाहीर कार्यक्रम, त्याचे मानधन द्या. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २००९ मध्ये तो फेटाळला. बरे झाले, नाहीतर लोकलच्या डब्यात रोज केवढी मैफल भरली असती.

खरोखर मोकळे संगीत हवे असेल तर तेही पुष्कळ आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठातून २००५ मध्ये सुरू झालेल्या फ्रीसाउंडवर पावसापासून घंटेपर्यंत असंख्य आवाज आहेत, ‘फ्री म्युझिक आर्काइव्ह’ आहे. तिथल्या बऱ्याच गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली येतात आणि त्यांतल्या बहुतेक परवान्यांची पहिली अट एकच असते: कर्त्याचे नाव सांगा. फोन वाजताना नाव कसे सांगणार, हा प्रश्न रास्त आहे. पण ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुकडा कापला, आवाज हळूहळू चढता-उतरता केला आणि फाइल बाहेर काढायला घेतली, की शीर्षक, कलाकार, वर्ष असे रकाने भरता येतात. भरायला अर्धा मिनिट लागतो. बहुतेक जण ते कोरेच सोडून ‘ओके’ दाबतात.

याच्या अगदी उलट काम पुण्यात झाले. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. आज ‘परी’ या ग्रामीण संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कित्येक वाचता आणि ऐकता येतात. प्रत्येकीजवळ गाणारणीचे नाव आहे, गावाचे नाव आहे. ज्या गाण्याची कर्ती कोण हे सांगताच येत नाही, जे आईकडून लेकीकडे तोंडी आले, त्याला निदान गळा कोणाचा होता हे तिथे लिहून ठेवले आहे. कायद्याने कोणी विचारले नसते, तरीही.

रिंगटोन करायला घरातला आवाजही चालतो. आजही अनेक घरांत अशी एखादी आत्या किंवा आजी असते, जिला दहा-बारा ओव्या येतात. फोनवरच्या रेकॉर्डरला त्या टिपायला काही खर्च नाही. फक्त तिला आधी विचारावे लागते, कारण तिचा आवाज दिवसातून वीसदा, बँकेत आणि बाजारात वाजणार असतो. ती अगोदर ‘माझं मेलीचं काय ऐकायचंय’ म्हणेल. मग पाणी पिईल, पदर सारखा करील, आणि म्हणून झाल्यावर ‘लाव बघू परत’ असे सांगून स्वतःचाच आवाज दोनदा ऐकेल. फाइल जतन करताना ‘कलाकार’ या रकान्यात काय लिहायचे, हे तेव्हा कोणाला विचारावे लागत नाही.