आम्ही ‘कोर’

कारखान्याचं धुराडं पेटलं की कृष्णाकाठच्या त्या गावाची वस्ती वाढायची. ओढ्यालगतच्या पडीक रानात कोप्या उभ्या राहायच्या. बीडकडची माणसं यायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं अशी कोयत्यानं मोजलेली. त्यांची पोरं दिवाळीनंतर शाळेत येऊन बसायची आणि कारखान्याचा पट्टा पडला की निघून जायची.

मी तिथं चौथीचा मास्तर होतो. खेड्यातल्या पोरांना वेशीपलीकडचं जग दाखवायचं, याचं मला भारी वेड. भिंतीवर भारताचा नकाशा, आणि दर २६ जानेवारीला वेशभूषेचा कार्यक्रम. कुणी पंजाबी, कुणी बंगाली, कुणी काश्मिरी. एका वर्षी म्हटलं, लमाणी वेशही असू दे. तालुक्याहून आरशा-कवड्यांचा घागरा भाड्यानं आणला आणि एका बागायतदाराच्या पोरीला घातला. टाळ्या कडकडल्या.

पुढच्या रांगेत, धुळीत, कोपीतली एक पोरगी बसली होती. बंजारा. अंगात बटणं तुटलेला, कुणीतरी दिलेला फ्रॉक. ती शेजारणीला हळूच म्हणाली, “तिनं ओढणी उलटी घेतलीय.” मी मागंच उभा होतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तिचा वेश मी साऱ्या गावाला दाखवला होता, फक्त ती मला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी चूक केली. भरपाई म्हणून तिला वर्गात उभं केलं. “सांग बघू, तुमच्यात काय काय असतं? एखादं गाणं म्हण.” सगळा वर्ग वळून तिच्याकडं बघायला लागला. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. पुढं दोन दिवस शाळेत आली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोपीवर गेलो. तिची आई नुकतीच फडातून आली होती. पाल्यानं हात कापू नयेत म्हणून साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट. फेटिया-काचळी कुठंच नव्हती. तिनं मला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाली, “गुरुजी, गाण्याला बी येळ असती. आमी काय तमाशा हाव का?”

ते वाक्य मनातून जाईना. दुसऱ्याची माहिती करून घेणं आणि दुसऱ्याला मान देणं, ही एकच गोष्ट आहे असं मी धरून चाललो होतो. पण बागायतदाराच्या पोरीला मी कधी विचारलं होतं का, “तुमच्यात काय असतं?” नाही. कारण आमचं ते नेहमीचं आणि त्यांचं ते दाखवण्याजोगं. जो नुसता विचारत राहतो तो घरमालक होतो, ज्याला विचारलं जातं तो कायमचा परका.

मग मी स्वतःपासून सुरुवात केली. आमच्या घरी घट कसा बसतो, मातीत धान्य कसं पेरतात, नऊ दिवस पाणी कसं घालतात, ते वर्गाला सांगितलं. नंतर ज्याला वाटेल त्यानं आपल्या घरचं सांगावं, सक्ती कुणालाच नाही. एकानं मोहरमच्या पंजांचं सांगितलं, एकानं आजोबांच्या वारीचं. चौथ्या दिवशी तिनं आपणहून हात वर केला.

“आमच्यात श्रावणात तीज असते. लग्न न झालेल्या पोरी टोपलीत गहू पेरतात. रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. मग पाण्यात सोडतात.”

बागायतदाराची पोरगी ओरडली, “अगं, म्हणजे आमच्या घटासारखंच की!”

“न्हाई. तुमचं आमच्यासारखं.”

सगळा वर्ग हसला, तीही हसली. मग एका पोरानं विचारलं, “तुमच्यात आम्हाला काय म्हणतात गं?” ती म्हणाली, “आमी गोर. तुमी कोर.” वर्ग एकदम गप्प झाला. आपणही कुणाच्या तरी लेखी बाहेरचे आहोत, हे त्या पोरांना पहिल्यांदाच कळत होतं. मलाही. भिंतीवरच्या नकाशानं इतक्या वर्षांत जे शिकवलं नव्हतं, ते त्या दोन अक्षरांनी शिकवलं.

रोज सकाळी आम्ही प्रतिज्ञा म्हणायचो. देशातल्या नाना परंपरांचा अभिमान त्यात आहेच. ती प्रतिज्ञा मुळात १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली, हे मला फार उशिरा समजलं. परक्या म्हणून मानलेल्या भाषेतली गोष्ट आपण आपली म्हणून रोज म्हणत असतो. अभिमान बोलायला सोपा असतो. शेजारच्या बाकावरच्याला नीट विचारायला, आणि त्याच्या प्रश्नाला आपणही उत्तर द्यायला, जास्त बळ लागतं.

पण इथंच थांबलो तर ती लबाडी होईल. पट्टा पडला आणि ट्रॅक्टर पहाटेच सुटले. तिच्या गावच्या शाळेत दाखवायला हजेरीचा कागद मी लिहून ठेवला होता, तो माझ्या टेबलावरच राहिला. वर्गाचं जग तिनं रुंद केलं. तिचं वर्ष मात्र अर्धंच राहिलं. आम्ही तिच्याकडून घेतलं, आणि तिला द्यायचा एक कागदही वेळेवर दिला नाही. ज्याच्या सणाचं कौतुक करायचं त्याच्या हजेरीची काळजी करायची नाही, तर ते कौतुक भाड्याच्या घागऱ्यासारखंच. कार्यक्रम संपला की परत करायचं.

पुढच्या वर्षापासून पट्टा पडायच्या पंधरा दिवस आधीच मी कोप्यांवर जाऊन हजेरीचे कागद पालकांच्या हातात देऊ लागलो. वेशभूषेचा कार्यक्रम मात्र पुन्हा घेतला नाही.