शेतकरी : स्ट्रक्ट की ट्रेट?

जावा किंवा सी-प्लस-प्लस करून रस्टकडे आलेल्या माणसाला एक गोष्ट खटकते : इथे वारसा नाही. कॉलेजात आपण ‘ॲनिमल’वरून ‘डॉग’ काढतो आणि बापाचं सगळं पोराला आपोआप मिळतं. रस्टची 1.0 आवृत्ती 2015 साली आली, त्यात ही सोयच ठेवली नव्हती. स्ट्रक्ट सांगतो तुमच्याकडे काय आहे. ट्रेट सांगतो तुम्ही काय करू शकता. ‘हा ट्रेट असलेला कुणीही चालेल’ असं फंक्शनला सांगितलं की आत येणाऱ्याचं घराणं कुणी विचारत नाही.

हे डोक्यात बसल्यावर आमच्या शिरूर-दौंडकडचा एक शब्द मला तपासावासा वाटला : शेतकरी.

कागदावर तो स्ट्रक्ट आहे. गट नंबर, क्षेत्र, सातबाऱ्यावरचं नाव. पीएम-किसानचे वर्षाला 6000 रुपये मिळतात ते जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला. भीमेकाठी उसाला पाणी देणारी, शिरूरच्या कांद्यात दिवसभर वाकून खुरपणारी बाई सगळ्या मेथड्स चालवते, पण तिचं नावाचं फील्ड रिकामं. उलट खराडीत फ्लॅट घेऊन दिवाळीपुरता गावी येणारा खातेदार पक्का शेतकरी. रस्टमध्ये मेथडच्या आत नुसतं ‘टूडू’ लिहिलं तरी कोड कंपाइल होतो, चालवल्यावर कोसळतो. इथे कुणी चालवून बघतच नाही.

दौंडच्या कारखान्यांना ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांचं तर विचारूच नका. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटा माणूस आला तर अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दोन जिवंत माणसांच्या टाइपला हत्याराचं नाव! मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई त्या नावात कुठे शोधायची?

2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात मात्र व्याख्या ट्रेटसारखी आहे. पीक घेण्याच्या कामात जो प्रत्यक्ष आहे तो शेतकरी. वाटेकरी, कुळं, शेतमजूर, मच्छीमार, मधमाश्या पाळणारेसुद्धा. व्याख्या छान झाली, पण पैशाच्या योजना सातबाऱ्यालाच धरून राहिल्या.

सरकारची अडचण खोटी नाही. नाव तपासता येतं, खुरपणं कसं तपासणार? ‘मी शेती करतो’ असं उद्या कुणीही म्हणेल. रस्टसुद्धा नुसत्या मेथड्सवर विश्वास ठेवत नाही. ‘या टाइपला हा ट्रेट आहे’ असं लिहून द्यावं लागतं. गो भाषेत मेथड्स जुळल्या की झालं. मला आधी तेच उदार वाटायचं, आता रस्टचं पटतं. कारण त्यात एक नियम आहे : ट्रेट तरी तुमचा हवा, नाहीतर टाइप तरी. तिसऱ्याने येऊन दुसऱ्या दोघांचं नातं ठरवायचं नाही. म्हणजे ही बाई शेतकरी आहे हे व्याख्या करणाऱ्याने म्हणावं, किंवा तिने स्वतः. नवरा, दीर, मुकादम यांना तो अधिकार नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’त पुरुषांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. मोठं काम. पण तो स्ट्रक्टच्या आतला इलाज होता. नवऱ्याकडेच जमीन नसेल, तर तिच्या फील्डमध्ये भरायचं काय?

आणि तपासणं अशक्य आहे असंही नाही. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी चालते. शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, ठिकाणाची नोंद ॲप घेतं. कुठल्या गटात काय उभं आहे हे सरकारला कळतं. ते कुणी उभं केलं, हे विचारणारा रकाना त्यात सहज बसला असता. पण मोबाइल तिच्या हातात असला, तरी नाव निवडायचं ते खातेदारांच्या यादीतून.