दुर्योधन स्वर्गात कसा?

महाभारताचे श्रवण करणारा भाविक अठराव्या पर्वापर्यंत येतो, तेव्हा त्याच्या मनात एकच अपेक्षा उरलेली असते : पांडवांच्या कष्टांचे चीज व्हावे आणि दुष्टांना शासन मिळावे. स्वर्गारोहणपर्व ही अपेक्षा प्रारंभीच मोडते. स्वर्गात येताच युधिष्ठिराला देवांच्या मेळ्यात, तेजाने तळपत बसलेला दुर्योधन दिसतो. भाऊ, कर्ण, द्रौपदी यांपैकी कोणीच दिसत नाही. धर्मराज संतापून पाठ फिरवतो आणि वाचकही त्याच्यासवे पाठ फिरवतो.

हा संताप व्यासांनी थट्टेवारी नेलेला नाही. द्रौपदीची विटंबना व कुलाचा संहार विसरून सुख भोगणे धर्मराजाला जमत नाही. क्षात्रधर्माने रणात देह ठेवल्यामुळे दुर्योधनास हे स्थान लाभले आणि स्वर्गात वैर उरत नाही, असे नारद सांगतात. युक्तिवाद बिनतोड आहे. मन मात्र निवत नाही.

आप्तांच्या शोधात निघालेल्या धर्मराजाला देवदूत अंधाऱ्या, दुर्गंधीच्या वाटेने नरकात नेतो. तेथे त्याच्या येण्याने क्षणभर गारवा मिळाला, म्हणून यातना भोगणारे त्याला थांबण्याची विनवणी करतात. ते आवाज आपल्याच माणसांचे आहेत, हे कळताच तो देवांना दोष देतो आणि तेथेच राहण्याचे ठरवतो. शत्रूसह मिळणाऱ्या स्वर्गापेक्षा त्याला स्वकीयांसह मिळणारा नरक बरा वाटतो.

मग इंद्र उलगडा करतो. ज्याचे पाप अधिक, त्याला स्वर्ग आधी व नरक नंतर; ज्याचे पुण्य अधिक, त्याला नरक आधी. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी द्रोणाचार्यांना फसवल्याने युधिष्ठिरालाही नरकाचे दर्शन घडले. दुष्टातील गुण आणि सज्जनातील दोष, दोहोंचा हिशेब येथे राहतो. आपण मात्र माणसाला एकाच शब्दात निकालात काढतो.

तथापि हिशेब कळला म्हणजे वैर सरते, असे नाही. ते सरते स्वर्गंगेत स्नान केल्यावर. तेव्हा युधिष्ठिराचे वैर व शोक गळून पडतात. पालटतो तो युधिष्ठिर. दुर्योधनाला व्यास कोठेही निर्दोष ठरवीत नाहीत.

हा बोध सभापर्वात येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. अन्याय चालू असता महाभारत विसरण्याचा उपदेश करीत नाही. तेथे आधी कृष्णशिष्टाई आहे, मग युद्ध आहे. क्षमा म्हणजे भेकडपणा नव्हे. परंतु मृत्यूनंतर शत्रूला दंड करणे आपल्या हाती राहत नाही, आणि तरीही पेटत राहिलेले वैर आपल्यालाच जाळते. तर्पणाच्या शेवटी आपले बांधव नसलेल्यांसाठीही पाणी सोडण्याची आपली रीत आहे. ती ओंजळ ज्याला जड वाटते, त्याने स्वर्गारोहणपर्व पुन्हा एकदा वाचावे.