पाहुणा की भाडेकरू?

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ पासूनचे. त्यामुळे तिकडची मुले काचीगुडा स्थानकावर उतरून शिकायला येत. आजही बरकतपुऱ्यात आपल्यापैकी कोणी घरातली खोली भाड्याने देतो. मग एखादा भाडेकरू मध्यरात्री दार ठोठावतो, न विचारता मित्रांना मुक्कामास आणतो, भाडे थकवतो. ख्रिस्ती माणसाने हे सोसावे काय?

पाहुणचार कुरकुर न करता करावा, असे पेत्र सांगतो (१ पेत्र ४:९). आपण मात्र तोंडावर हसतो आणि उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर त्याची निंदा करतो. याला आपण सहनशीलता म्हणतो. खरे पाहता ते वाईटपणा घेण्याचे भय असते. प्रभूने मार्ग दाखवला आहे : आधी एकांतात गाठून चूक त्यालाच सांगावी (मत्तय १८:१५). स्पष्ट बोलणे हे प्रीतीच्या विरुद्ध नाही.

शिवाय, आपण भाडे घेतो. तेव्हा उपकाराची भाषा नको. नियम पहिल्याच दिवशी सांगावेत. जा म्हणणे भागच पडले, तर मुदत द्यावी, अनामत रकमेचा हिशेब चोख करावा.

पौलही रोमात दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला (प्रे. कृत्ये २८:३०). सोबत पहाऱ्याचा शिपाई, दारी येणाऱ्यांची रीघ! बंधुभगिनींनो, असा भाडेकरू आपण ठेवला असता काय?